नववीची नित्य समानता

मी मराठी शिकवते. हातकणंगले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मला एकवीस वर्षं झाली. कोल्हापुरातून रोज स्कूटीवरून जाते, संध्याकाळी परत येते. दहावीला गणितात मी काठावर पास झाले होते. निकाल लागला त्याच दिवशी बीजगणिताचं पुस्तक शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. त्यानंतर गणिताचा आणि माझा संबंध उत्तरपत्रिकांवरच्या मार्कांच्या बेरजेपुरता उरला, आणि त्याही बेरजा मी दोनदा करते.

चार वर्षांपूर्वी, जुलै संपत आला असताना, आमच्या गणिताच्या सरांना चालू तासाला छातीत कळ आली. खडू हातात धरूनच ते खुर्चीत बसले आणि मुलांना म्हणाले, पुढचं उदाहरण तुमचं तुम्ही करा. मुलांचं उदाहरण करून झालं तरी सर उठले नाहीत, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी स्टाफरूमकडे पळत आली. त्याच आठवड्यात त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती सांगितली.

मुख्याध्यापकांनी सरांचे तास वाटून टाकले. दहावी विज्ञानाच्या बाईंकडे गेली, आठवी त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि नववीचं बीजगणित माझ्या वाट्याला आलं, कारण त्या वेळेला मी मोकळी होते. मला ते येत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, पुस्तकात सगळं दिलेलं असतं, तुम्ही फक्त वर्ग सांभाळा. माझ्या हातात त्यांनी सरांची टाचणवही ठेवली. रोज काय शिकवायचं ते सर त्या वहीत आधी लिहून ठेवत. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मी गाईडमधून फळ्यावर उतरवत होते, मुलं फळ्यावरून वहीत उतरवत होती, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मग टाचणवहीत एक पान आलं. वर ठळक अक्षरात 'नित्य समानता', आणि खाली एक ओळ: 'उपक्रम – प्रत्येकाने स्वतःची नवी नित्य समानता तयार करणे व ती सिद्ध करणे.'

ते दोन शब्द बघून मला जरा धीर आला. शब्द म्हटले की मी माझ्या घरात असते. वर्गात मी नित्य या शब्दावर दहा मिनिटं बोलले. नित्यनेम, नित्यकर्म, नित्याचं. मग समान, असमान, समानता. मुलं ऐकत होती. त्यानंतर पुस्तकातली एक ओळ फळ्यावर लिहिली:

(x + 3)² = x² + 6x + 9

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. नववीत आली तरी ती पेन्सिलनंच लिहायची आणि खोडल्यावर वहीवर फुंकर मारायची. तिचे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होते. माझ्या विषयात ती मला कधी दिसलीच नव्हती. निबंध लिहायला सांगितला की चार ओळी लिहून वही मिटायची. तिनं विचारलं, हे समीकरणच आहे ना, मध्ये बरोबरचं चिन्ह आहे म्हणून. मी हो म्हटलं. मग एक्सची किंमत काढायची का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काढू या की.

डावीकडचा कंस सोडवला. उजवीकडे जे होतं तेच डावीकडे आलं. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेत गेले, तसं एकेक पद उडत गेलं. एक्सचा वर्ग गेला, सहा एक्स गेले, नऊही गेले, आणि खाली उरलं शून्य बरोबर शून्य. एक्स कुठंच नव्हता. मी कुठंतरी चुकले असणार म्हणून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून केलं. पुन्हा शून्य बरोबर शून्य. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा पुसायला डस्टर उचललं आणि तेवढ्यात घंटा झाली. कुठल्याही घंटेनं मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी वाट वाकडी करून गडमुडशिंगीला सरांच्या घरी गेले. दारावर पंचशीलाचा लहानसा झेंडा होता. आत सर कॉटवर उशा लावून बसले होते आणि एक जाड उशी त्यांनी छातीशी धरली होती. खोकला आला की टाके ताणतात म्हणून ती उशी घट्ट आवळायची असते, असं वहिनींनी सांगितलं. प्रकृतीची विचारपूस झाली. मग माझ्या फळ्यावर काय झालं ते मी त्यांना सांगितलं.

सर म्हणाले, "शून्य बरोबर शून्य आलं म्हंजे चूक न्हाय झाली बाई. ते बरोबरच हाय."

त्यांनी समजावलं ते असं. समीकरण एखाददुसऱ्या आकड्यालाच खरं ठरतं, म्हणून तो आकडा शोधायचा. नित्य समानता कुठल्याही आकड्याला खरी, म्हणून तिथं शोधायला काही नसतं. एक्सच्या जागी कोणीही येऊ दे. मी विचारलं, मग ती खरी आहे हे कळणार कसं? ते म्हणाले, सिद्ध करायचं, डाव्या बाजूकडून एकेक पायरी करत उजव्या बाजूला जायचं. मी विचारलं, पण मुलांनी नवीच काहीतरी आणली तर ती मुळात बरोबर आहे का हे आधी कसं बघू? ते म्हणाले, दोनतीन आकडे घालून बघा, लगेच कळतं. एवढं बोलून ते दमले. वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं आणि मी उठले.

त्या सगळ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझ्याबरोबर घरी आलं. बाकीचं बहुधा वाटेतल्या पुलाच्या आसपास कुठंतरी सांडलं.

सोमवारी मी वर्गात उपक्रम सांगितला. प्रत्येकानं स्वतःची नित्य समानता करायची. ती बरोबर आहे का हे बघायला त्यात तीन आकडे घालायचे. तिन्हींना दोन्ही बाजू सारख्या आल्या की झाली आपली नित्य समानता. पेन्सिलवाल्या मुलीनं विचारलं, तीनच का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मराठी होती. मी म्हटलं, आपण त्रिवार सत्य म्हणतो ना, तसं. तीन पुरेत. ती खाली बसली.

आठवड्याभरात कागद जमा झाले. बहुतेकांनी पुस्तकातलंच सूत्र घेऊन अक्षरं बदलली होती. एकानं आई अधिक बाबा असा कंस करून त्याचा वर्ग केला होता, आणि विस्तारात आईचा वर्ग, बाबांचा वर्ग आणि मध्ये दोन आईबाबा आले होते. याला मार्क द्यायचे की रागवायचं हे मला ठरवता येईना. शेवटी मार्क दिले. पेन्सिलवाल्या मुलीच्या कागदावर एकच ओळ होती:

n³ + 11n = 6n² + 6

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी एक घातला. डावीकडे बारा, उजवीकडे बारा. दोन घातला. तीस आणि तीस. तीन घातला. साठ आणि साठ. मला खरंच आनंद झाला. चार ओळींचा निबंध लिहिणाऱ्या या मुलीनं कुठून तरी एक नवीन खरी गोष्ट आणली होती. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. रंगीत कार्डशीटवर ठळक अक्षरात ती ओळ लिहून व्हरांड्यातल्या फलकावर लावली आणि वर लिहिलं, 'नववीची नित्य समानता'. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती उभी राहिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. लाजली असेल, असं मी समजले.

त्यानंतर दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला तिचे वडील तिला मोटरसायकलवर घेऊन आले. पहिली पाळी करून तसेच आले होते. अंगात कंपनीचा गणवेश होता आणि हाताच्या रेघांत काळी माती बसलेली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"पोरगी दोन दिस झालं जेवंना," ते म्हणाले. "शाळंत काय तर खोटं लिवलंय म्हणती. काय लिवलंय ते आमास्नी कळंना. तुमी सांगा, मग मी बघतो."

नववीतली मुलगी, शाळेत काहीतरी खोटं लिहिलंय आणि जेवत नाही. माझं मन भलतीकडे गेलं. कुणाला चिठ्ठी, कुणाबद्दल भिंतीवर काही, मोबाईलवर काही. मी दार लोटून घेतलं आणि तिला हळूच विचारलं, कुठं लिहिलंस बाळ? तिनं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. आम्ही तिघं बाहेर गेलो. ती फलकासमोर जाऊन उभी राहिली.

मला हसूच आलं. मी वडलांना सांगितलं, हे तर तिचं गणित आहे, बरोबर आहे, मी स्वतः तपासलंय.

मुलगी म्हणाली, "मॅडम, चार घालून बघा."

माझ्या हातात पेन होतं. कार्डच्या कडेलाच मी आकडेमोड केली. चाराचा घन चौसष्ट, अकरा चोक चव्वेचाळीस, झाले एकशे आठ. उजवीकडे सोळा सक शहाण्णव आणि सहा, एकशे दोन. सहाचा फरक. मी पुन्हा केलं. फरक सहाचाच राहिला. मागं उभे असलेले वडील बघत होते.

त्यांनी विचारलं, "म्हंजे खोटं हाय का खरं?"

तीनपर्यंत खरं आहे, एवढंच मी म्हणू शकले. ते म्हणाले, आमच्यात तीन पीस चांगलं निघालं म्हणून लॉट पास करत न्हाईत. मग मुलीवर आवाज चढवून म्हणाले, मॅडमची माफी माग. तिनं ती मागितली नाही आणि मीही नको म्हटलं नाही. त्या क्षणी मला तिचा राग आला होता. माझ्याच शाळेत, माझ्याच अक्षरात, तिनं मला तोंडावर पाडलं होतं. असं का केलंस, हे मी जरा जोरातच विचारलं.

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता तीन पुरेत. मला वाटलं, पुरत नसतील. म्हणून तीनला जुळंल असं केलं. वाटलं, तुम्ही विचाराल, सिद्धता कुठाय. तुम्ही विचारलंच नाही."

तिनं ते कसं बनवलं, हेही तिनं सांगितलं. एन वजा एक, एन वजा दोन आणि एन वजा तीन असे तीन कंस गुणायचे. एक, दोन किंवा तीन घातला की त्यातला एक कंस शून्य होतो आणि सगळंच शून्य होतं. मग गुणाकारातली वजा पदं पलीकडच्या बाजूला नेली की खालचा सापळा दिसत नाही. सापळा हा शब्द माझा आहे. ती म्हणाली होती, मांडणी. वडील मान हलवत होते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं की नुसतेच हलवत होते, ते मला आजही माहीत नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, जेव म्हणावं तिला. मी तिला जेव म्हटलं. तिनं मान हलवली.

मी कार्ड काढून घेतलं आणि थेट गडमुडशिंगी गाठली. सर आता घरात फिरत होते, पण उशी हातात होतीच. कार्ड बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. एका हातानं उशी छातीला आवळून ते हसत होते, कळ आली की थांबत होते आणि पुन्हा हसत होते. वहिनी आतून धावत आल्या आणि माझ्याकडे रागानं बघायला लागल्या. सर म्हणाले, बावीस वर्षांत कुणी पोरानं अशी फसवी ओळ मुद्दाम करून आणली नव्हती.

मी म्हटलं, सर, दोनतीन आकडे घालायला तुम्हीच सांगितलं होतं. ते म्हणाले, चूक सापडायला ते ठीक आहे, सिद्ध करायला नाही. हे मी मनात पक्कं लिहून घेतलं: कितीही आकडे घातले तरी सिद्ध होत नाही. एवढं घेऊन मी निघणार तोच ते कार्डाकडे बघत म्हणाले, "पण ह्यात चारबी जुळला असता, तर मग सिद्धच झालं असतं की."

मी परत खाली बसले. म्हटलं, आत्ताच तुम्ही म्हणालात आकड्यांनी सिद्ध होत नाही. ते म्हणाले, हो. मग चार आकड्यांनी कसं होईल? ते म्हणाले, घात तीनचा आहे म्हणून. सगळं एका बाजूला आणलं की तीन घाताची बहुपदी होते, ती फार तर तीन ठिकाणी शून्य होऊ शकते, चौथ्या ठिकाणी झाली तर ती मुळातच शून्य असते. मी विचारलं, म्हणजे माझा नियम चूक होता की एका आकड्यानं कमी पडला? ते म्हणाले, दोन्ही. घात पाचचा असता तर तुम्हाला सहा लागले असते. पण तसं जुळलं की सिद्ध का होतं, हे आधी सिद्ध करावं लागतं. मी हो हो म्हणत राहिले. मी शहरातच राहते, पण त्या दिवशी घरी जाताना एका चौकात चुकीच्या बाजूला वळले.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड पुन्हा फलकावर लावलं. वरच्या मथळ्यावर काट मारून खाली लिहिलं, 'ही नित्य समानता नाही. तपासताना मी चुकले.' आणि सही केली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं की एवढं जाहीर करायची काय गरज होती. तरी वर्गातही मी चूक कबूल केली. मग पेन्सिलवाली मुलगी उठली आणि तिनं विचारलं, माझ्याकडे खरी एक आहे, करून दाखवू का?

तिचं म्हणणं असं होतं. ओळीनं येणाऱ्या कुठल्याही चार संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा, पूर्ण वर्ग येतो. एक, दोन, तीन, चार यांचा गुणाकार चोवीस, आणि एक पंचवीस, म्हणजे पाचाचा वर्ग. दोनपासून घेतलं तर एकशे एकवीस, अकराचा वर्ग. तीनपासून तीनशे एकसष्ट, एकोणिसाचा. वर्गातली मुलं चारपासून, पाचपासून करायला लागली. या वेळी मी विचारलं, सिद्धता कुठं आहे?

तिनं खडू घेतला. पहिली संख्या एन. पहिल्या आणि चौथ्या संख्येचा गुणाकार केला, एन वर्ग अधिक तीन एन आला. मधल्या दोघींचा केला, एन वर्ग अधिक तीन एन अधिक दोन आला. म्हणाली, दोन्हींत एक भाग सारखाच आहे, त्याला एम म्हणू या. मग उरलं काय, एम गुणिले कंसात एम अधिक दोन, आणि त्यात एक. म्हणजे एम वर्ग अधिक दोन एम अधिक एक. आणि हे तर एम अधिक एकचा वर्ग. पुस्तकातलं पहिलंच सूत्र.

मी बाजूला खिडकीपाशी उभी होते. तिचा खडू शेवटच्या ओळीवर थांबला आणि मला ते सगळं एकदम दिसलं. कुठलाच आकडा घातलेला नव्हता, तरी सगळे आकडे त्यात आले होते. लहानपणी पाठ केलेलं ते सूत्र कशाला असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी टाळ्या वाजवायला विसरले. मुलांनी वाजवल्या.

घरी जाऊन नवऱ्याला ते करून दाखवावं म्हणून वही घेतली. पहिली दोन पदं एकत्र गुणली, मग शेवटची दोन, आणि सारखा भाग कुठं येईना. तासभर बसले. नवरा भाजी निवडत होता. तो म्हणाला, उद्या विचार तिला. मी विचारलं नाही. तिनं एकदा दाखवलेलं मला एका दिवसातच पुन्हा विचारायचं, हे जमलं नाही.

दिवाळीनंतर सर कामावर आले, नववी त्यांच्याकडे गेली आणि मी माझ्या मराठीत परतले. ती मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पॉलिटेक्निकला गेली. गेल्या वर्षी मध्यवर्ती बसस्थानकावर भेटली. मशीनची ड्रॉइंगं करावी लागतात म्हणाली. नवीन काही बनवतेस का, असं मी विचारलं. वेळ नसतो, परीक्षेत बनवायला सांगत नाहीत, असं म्हणाली. नाराज वाटली नाही. वडील बरे आहेत म्हणाली. तिची एसटी लागली आणि ती पळाली.

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये सर आणि मी दोघंच होतो. मी पुन्हा विचारलं की तीन घाताची ती बहुपदी चौथ्या ठिकाणी शून्य का होऊ शकत नाही. त्यांनी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि वरून खाली, खालून वर अशी एक वाकडी रेषा तिच्यावरून तीनदा नेली. बघा, म्हणाले, आता ही परत येत नाही. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, तीच रेषा पुढं वाढवून वळवली आणि चौथ्यांदा रेघेवरून नेली. ते म्हणाले, मग ती तीन घाताची राहिली न्हाय. मी विचारलं, पण तिला कसं कळतं की आपण तीन घाताचे आहोत आणि आता वळायचं नाही?

सरांनी कागद आपल्याकडे फिरवून बघितला. मग म्हणाले, "बाई, प्रश्न चांगला हाय." तेवढ्यात घंटा झाली. टाचणवही उचलून ते आठवीवर गेले. मी त्या कागदावर आणखी दोन रेषा काढून बघितल्या. दोन्ही चौथ्यांदा सहज गेल्या.